हुंकारा दे, नाहीतर गोष्ट बंद

जळगावात माझं औषधांचं दुकान आहे. डॉक्टरची चिठ्ठी घेऊन आलेल्यांना मी झोपेच्या गोळ्या देते आणि माझ्याच घरी नवरा टक्क जागा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. डॉक्टरला दाखव म्हटलं की अभिमन म्हणायचा, "गोळी घेतली की सकाळी शब्द सुचत नाहीत." शब्द तसेही सुचत नव्हतेच, पण हे लेखकाला सांगणार कोण? मीच सांगितलं. मग दोन दिवस अबोला झाला.

अभिमन कॉलेजात मराठी शिकवतो आणि कादंबऱ्या लिहितो. पहिल्या दोन लिहिताना तो जेवायचा, झोपायचा, माणसासारखा वागायचा. तिसरीने मात्र घात केला. सातपुड्याच्या पायथ्याला राहणाऱ्या जिवलीची बकरी हरवते आणि ती तिच्या शोधात निघते, एवढीच गोष्ट. वाटेत भेटेल त्याला विचारत जिवली एक नदी ओलांडते, दुसरी ओलांडते, आणि तिसऱ्या नदीपाशी कादंबरी जी अडली ती अडलीच. बकरी वाघाने खाल्ली, बकरी बाजारात विकली गेली, बकरी सापडली पण तिने ओळखच दाखवली नाही, असे सगळे शेवट मी ऐकले. प्रत्येकाला मी "छान आहे" म्हणायची आणि तो म्हणायचा, "खोटं बोलू नकोस." शेवट मिळाला की झोप येईल, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. मी म्हणायची, बाबा रे, आधी झोप तर घे.

दिवाळीनंतर एरंडोलहून परत येताना भरदुपारी त्याचा डोळा लागला आणि मोटारसायकल रस्त्याकडेच्या चारीत गेली. समोरून ट्रक येत नव्हता म्हणून खरचटण्यावर निभावलं. मी किल्ली काढून घेतली आणि खूप रडले. खड्ड्यात गेली तुझी कादंबरी, मला तू हवा आहेस, असं त्याला तोंडावर सांगितलं.

तो बराच वेळ गुडघ्याची जखम बघत बसला. मग म्हणाला, "लता, एकदा फुईकडे जाऊ. गोष्ट मुळात तिची आहे. तिला शेवट ठाऊक असणार."

फुई म्हणजे त्याची आत्या, सुगंधाबाई. आई लवकर गेल्यामुळे अभिमन तिच्याकडेच सोनगीरला वाढला. त्याला झोपवताना ती हीच बकरीची गोष्ट सांगायची. ऐकणाऱ्याने 'हूं, हूं' करत राहायचं. हुंकारा थांबला की गोष्ट बंद, हा तिचा कायदा. अभिमनचा हुंकारा तिसऱ्या नदीच्या पुढे कधी टिकला नाही. त्यामुळे शेवट काही त्याने ऐकला नव्हता.

रविवारी निघालो. गाडी अर्थातच मी चालवली. फुईचं घर तांबटांच्या गल्लीला लागून आहे, दिवसभर पितळेच्या भांड्यांवर ठोके पडत असतात. जळगावात कानात कापसाचे बोळे घालून, भिंतीवरचं घड्याळ बंद करून पडणारा हा माणूस! म्हटलं, इथे आता याचं डोकं उठणार.

फुईने भरीत आणि कळण्याची भाकरी पोटभर वाढली. हात धुतल्याबरोबर अभिमनने विषय काढला.

"फुई, ती बकरी शेवटी सापडते का गं?"

"कोन्ती बकरी?"

"जिवलीची. तिसऱ्या नदीनंतर काय होतं?"

फुई सुपारी कातरत होती. तिचा अडकित्ता थांबला. "माले काय ठाऊक? तू तं तठेच झोपी जाये. पुढली गोष्ट मी कशाले रचू?"

"म्हणजे शेवट नाहीच?"

"नही. ती गोष्ट तुले झोपाडाकरता व्हती रे भाऊ, बकरी धुंडाकरता नही."

अभिमनचा चेहरा पाहून मला हसूही येईना. इतके महिने ज्याच्यासाठी जीव जाळला ते मुळात नव्हतंच. तो चिडला. "मी मरायला टेकलोय फुई, आणि तू सुपारी काय कातरतेस?"

फुईने अडकित्ता खाली ठेवला. त्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं तिने तेव्हा नीट पाहिली असावीत. तिने भिंतीशी गोधडी टाकली. "बठ आठे. आते तू सांग, मी हुंकारा देस. हुंकारा थांबना का गोष्ट बंद."

"मी काय लहान आहे?"

"सांग म्हनू ना."

फुईपुढे त्याचं काही चालत नाही. तो बसला, भिंतीला टेकला आणि रागारागातच सांगू लागला. सुरुवातीला पुस्तकातली वाक्यं येत होती. फुईचा "हूं" पडत गेला तशी पुस्तकी मराठी मागे राहिली आणि तो तिच्या बोलीत सांगू लागला. पहिली नदी आली, "हूं." मेंढपाळ भेटला, "हूं." दुसरी नदी आली तोवर त्याचा आवाज उतरला होता आणि पाय लांब झाले होते. गल्लीत ठाकठूक चालूच होती. मी स्वयंपाकघराच्या दारात ओला हात तसाच धरून उभी राहिले.

"जिवली तिसरी नदीना काठवर उनी," अभिमन म्हणाला.

"हूं."

"पाय दुखी ऱ्हायंतात... इकडे देखं, तिकडे देखं..."

"हूं."

"बोलनी, आते बसस जराशी..."

आणि त्याची मान कलली. सांगणाराच झोपला होता.

"हूं," फुई हलकेच म्हणाली. "बसू दे तिले. कव्हयनी चाली ऱ्हायनी बिचारी."

मला रडूच कोसळलं. पदर तोंडात कोंबला, नाहीतर त्याला जाग आली असती. फुईने त्याच्या अंगावर दुसरी गोधडी टाकली. बाहेर पितळ कुटलं जात होतं आणि माझा नवरा घोरत होता.

तो उठला तेव्हा दिवेलागण झाली होती. डोळे चोळत त्याने विचारलं, "मी कुठवर आलो होतो?"

"जिवली बसली," मी म्हटलं.

"बसली?"

"म्हणाली, आता बसते जराशी. मग तूच झोपलास."

त्याने अंगावरची गोधडी बाजूला सारली. मग म्हणाला, "इतके शेवट लिहिले, पण तिला एकदाही बसू दिलं नाही मी. हाच शेवट. पुढे काही नको."

"छान आहे," मी म्हटलं. या वेळी खोटं बोलू नकोस म्हणाला नाही.

त्या रात्री घरीही तो झोपला. मला मात्र त्याच्या घोरण्याने झोप नाही. तक्रार करायची सोय नव्हती आणि करायचीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात फुईचा फोन आला. "लता, माले रातभर झोप नही उनी. त्या बकरीनं काय व्हयनं वं?"

आता आली का पंचाईत! म्हटलं, "फुई, आडव्या व्हा. फोन कानाशी ठेवा. आणि हुंकारा द्या, नाहीतर गोष्ट बंद."

"हूं."

"बकरी हरवलीच नव्हती. ती पहिल्यापासून जिवलीच्या मागेमागेच चालत होती. जिवलीने घाईघाईत मागे वळूनच पाहिलं नाही."

"हूं."

"जिवली नदीकाठी बसली, तेव्हा बकरी आली आणि तिला टेकून बसली."

हुंकारा आला नाही. फोनमधून घोरणं ऐकू आलं, अगदी भाच्यासारखं.

अभिमनला हे मी अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर पुन्हा लिहायला बसेल. त्या वेळी दुकानात समोर एक जण चिठ्ठी घेऊन उभा होता. त्याला म्हटलं, "भाऊ, दोन मिनिटं थांबा," आणि फोन कानाशी धरून सकाळपासून पहिल्यांदाच स्टुलावर बसले.