काटा माझा

तिसऱ्यांदा घंटी वाजली, सिस्टरने त्याच्या छातीवरून त्याची पोर उचलून पुन्हा काचेच्या पेटीत ठेवली, आणि त्याची खात्रीच पटली की आपल्या अंगातच काहीतरी खोट आहे. शर्टाची बटणं उघडी टाकून तो त्या आरामखुर्चीत नुसता बसून राहिला. सिस्टरने पोरीच्या तळपायाला टिचकी मारली, पाठ चोळली. पोरीनं एक आचका दिला आणि श्वास घेतला. मशीनच्या पडद्यावरचा प्राणवायूचा उतरलेला आकडा हळूहळू चढायला लागला.

"घेतला बाईसाहेबांनी," सिस्टर म्हणाली. "दिवस भरायच्या आधी आलेली पोरं श्वास घ्यायला विसरतात हो. त्यात तुमचा काय दोष?"

दोष नाही कसा? पेटीत ती कमी विसरत होती आणि बापाच्या छातीवर जास्त. हे काय त्याला दिसत नव्हतं? नजर हा तर त्याचा धंदाच होता. कागदाच्या कारखान्यात तो बॉयलरवर होता, आणि बॉयलरवरचा माणूस म्हणजे डोळ्यांत तेल घालून काट्याकडे बघणारा माणूस. वाफेचा दाब सांगणारा तो काटा उतरला तर कारखाना अडतो, फाजील चढला तर बॉयलर फुटून माणसं मरतात. कारखान्यात त्याला सगळे घुबड म्हणायचे, कारण पापणी लवलेली कुणी बघितली नव्हती.

तिथली एक रीत होती. पाळी संपली म्हणून काट्यावरून नजर काढायची नाही. दुसरा माणूस येणार, खांद्यावर हात ठेवणार आणि 'काटा माझा' म्हणणार. मगच पहिल्यानं मान वळवायची. तोवर भोंगा होवो नाहीतर भूकंप, जागचं हलायचं नाही. ही रीत त्याला वस्तादांनी शिकवली होती, चांगली कान पिळून. आणखी एक शिकवलं होतं: काटा उतरला की आधी बघ, मग हात लाव, तोवर छातीसुद्धा हलता कामा नये.

हे वस्ताद म्हणजेच त्याचे सासरे. आता ते नव्हते. त्यांच्या मागे राहिलेल्या सासूबाई मात्र होत्या, आणि त्या इथेच, पेटीच्या पलीकडे स्टुलावर, तोंडाला मास्क लावून बसल्या होत्या.

सासूबाईंचं आणि त्याचं जमत नव्हतं असं म्हणणंही चूक, कारण जमायला निदान बोलणं तरी लागतं. मुलीसाठी त्यांना कसाही जावई चालला असता, फक्त बॉयलरवाला नको होता. नवरा घरी येईपर्यंत जीव मुठीत धरून बसण्यात त्यांचं अख्खं आयुष्य गेलं होतं, तेच मुलीच्या वाट्याला कशाला? मुलीनं ऐकलं नाही. तेव्हापासून त्या जावयाशी सरळ बोलतच नसत, कुणाला तरी मध्ये घालून बोलत. 'त्यांना विचार, जेवायला थांबणार का.' घरात दोघंच असले तर भिंतीला सांगत. तोही शिकाऊ असल्यापासून त्यांना काकू म्हणायचा. लग्नानंतर कुणी आई म्हण म्हटलं नाही, म्हणून काकूच राहिलं.

"सिस्टर, त्यांना विचारा, मी घेऊ का जरा वेळ?" काकू म्हणाल्या.

"आजी, खोकला आहे तुम्हाला. इतक्या जवळ नाही चालणार. इथे बसू दिलंय तेच नशीब समजा."

म्हणजे उरला तो एकटाच. पोरीची आई वरच्या मजल्यावर तापानं फणफणली होती. ऑपरेशनची जखम चिघळल्यामुळे तिला इथे यायला बंदी होती. शुद्धीवर आली की ती एकच विचारायची, बाळ कुणाकडे आहे?

आणि सकाळी मोठे डॉक्टर स्पष्टच बोलून गेले होते. "संध्याकाळच्या फेरीपर्यंत हे विसरणं कमी झालं नाही, तर घशात नळी घालून मशीनवर ठेवावं लागेल. आधी एकदा काढलीय ती नळी. परत घातली तर फुप्फुसं थकतील, मग निघेल की नाही सांगता येत नाही."

"पुन्हा घ्या," सिस्टर म्हणाली.

"नको सिस्टर. माझ्याकडे आली की बिघडतंच."

"ऐका माझं. हिचं हे एवढंसं अंग. सुया, दिवे, घंट्या, अनोळखी हात. भेदरलेल्या पोराची सगळी ताकद भेदरण्यातच जाते. काळीज धडधडतं, रक्तातली साखर जळून जाते, आणि श्वास घ्यायला, वाढायला काही उरत नाही. आपल्या माणसाच्या कातडीला कातडी लागली, ओळखीचा ठोका कानाशी आला, की ती ताकद वाचते. कुठल्याही औषधानं होत नाही ते. घ्या."

त्यानं घेतली. तळहाताएवढी पाठ, तीवर चिकटवलेल्या तारा, लोकरीच्या टोपीतलं डोकं. ती छातीवर आली की त्याला इतकं भरून यायचं की भीतीच वाटायची. त्यानं मान ताठ केली आणि पडद्यावर नजर रोवली. या वेळी सिस्टर पेटीपाशी गेली नाही. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघांकडे बघत उभी राहिली.

आकडा थोडा उतरला. पुन्हा थोडा.

"तुम्ही श्वास घेत नाही आहात," सिस्टर म्हणाली.

"काय?"

"आकडा उतरला की तुम्ही थांबता. छाती पार लाकूड. मग तीही थांबते. बघतेय मी केव्हापासून."

जे शिकण्यात उमेदीची वर्षं गेली, ज्याच्यासाठी शाबासकी मिळाली, तेच करून तो पोरीचा श्वास तोडत होता. सिस्टरने एक टॉवेल घेतला आणि पडद्यावर टाकला. "आता बघायचंच नाही. घंटी आहे ना, वाजेल. तुम्ही आपला निवांत श्वास घ्या."

निवांत! बॉयलरवाल्याला म्हणायचं, काटा झाकलाय, आता निवांत बस. त्याचं काळीज असं धावायला लागलं की पोरीच्या कानाखाली ढोल बडवल्यासारखं झालं असणार. तेवढ्यात दुसऱ्या टोकाच्या पेटीची घंटी वाजली आणि सिस्टर तिकडे पळाली.

खिडकीतलं ऊन भिंतीवर वर सरकलं होतं. फेरीची वेळ जवळ येत होती. तो टॉवेलकडे बघत होता. मागे काय चाललंय? किती झाला? हाताखालची पाठ हलतेय की त्याला नुसता भास होतोय? पोर चुळबुळली, तिनं हात असा फाकवला जणू खाली पडतेय. त्याच्यानं राहवेना. त्यानं डावा हात सोडवला आणि टॉवेल ओढायला पुढे केला.

त्याचं मनगट कुणीतरी धरलं. काकू स्टुलावरून उठल्या होत्या. त्यांनी त्याचा हात परत पोरीच्या पाठीवर नेऊन ठेवला. मग पायानं स्टूल सरकवत आणलं, त्याच्या आणि पडद्याच्या मधोमध मांडलं, त्याच्याकडे पाठ करून बसल्या आणि टॉवेल आपल्या मांडीवर ओढून घेतला. आता त्याला पडदा दिसेना, दिसत होता तो त्यांचा अंबाडा. एक हात मागे करून त्यांनी चाचपत त्याचा खांदा शोधला आणि त्यावर ठेवला.

"काटा माझा," त्या म्हणाल्या.

तो दचकला. हे शब्द त्यानं बाईमाणसाच्या तोंडून कधी ऐकले नव्हते.

"काकू, तुम्हाला..."

"तुझे वस्ताद शेवटच्या आजारात डोळा मिटायचे नाहीत. ग्लानीत विचारायचे, काटा कुणाकडे आहे? डॉक्टरांचं झोपेचं औषध चालेना. मग मी खांदा धरून म्हणायचे, काटा माझा. तेव्हा कुठे झोपायचे." त्यांनी खोकला दाबला. "मी दिलेला शब्द मोडत नाही. तू बघू नकोस."

त्या त्याच्याशी सरळ बोलत होत्या, हेसुद्धा त्याच्या नंतर लक्षात आलं. आधी मान सैल झाली. वर्षानुवर्षं पाळी संपली की व्हायची तशीच, सांगावं न लागता. मग खांदे खाली आले. त्यानं हनुवटी पोरीच्या टोपीवर टेकवली. टोपीला दुधाचा आणि औषधाचा वास होता. इतक्या दिवसांत हा वास त्यानं घेतलाच नव्हता, आकडे बघण्यात गेले सगळे दिवस.

बराच वेळ काही झालं नाही. पोरीनं मूठ उघडली आणि त्याच्या छातीवरच्या केसांत बोटं अडकवली.

मग त्याच्या तळहाताखालची पाठ थांबली.

हा भास नव्हता. पाठ हलत नव्हती. त्याच क्षणी खांद्यावरची काकूंची बोटं घट्ट आवळली गेली. आकडा उतरतोय, हे त्याला त्या बोटांतून कळलं. त्याची छाती जुन्या सवयीनं थिजायला लागली. सगळं अंग ओरडत होतं, बघ, आधी बघ.

"मी बघतेय," काकू म्हणाल्या. आवाज कापत होता, पण मान वळली नाही. "तू श्वास घे, बाबा. तुझं काम तेवढंच."

त्यानं श्वास घेतला. खोल, पोटापर्यंत, ओढूनताणून. छातीबरोबर पोर वर उचलली गेली आणि खाली आली. पाठ थिजलेलीच. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी त्यानं दुसरा घेतला. पोर वर गेली, खाली आली. तिसऱ्याला तिच्या अंगातून एक बारीकशी शिरशिरी गेली, नाक फुरफुरलं आणि तळहाताखालची पाठ त्याच्या श्वासापाठोपाठ हलली. मग पुन्हा हलली.

घंटी वाजली नव्हती. खांद्यावरची बोटं सैल झाली.

असं आणखी दोनदा झालं. दोन्ही वेळा बोटं आवळली गेली, दोन्ही वेळा त्यानं श्वास घेतला आणि पोरीनं त्याच्या मागून. त्यानंतर ती गाढ झोपली, तोंड उघडं टाकून.

मोठे डॉक्टर आले तेव्हा भिंतीवरचं ऊन गेलं होतं. त्यांनी मशीनमध्ये साठलेले आकडे मागे नेऊन नेऊन बघितले, सिस्टरला काही विचारलं, पोरीकडे वाकून बघितलं.

"नळी नको आज," ते म्हणाले. "हे जे काय चाललंय ते चालू ठेवा. उद्या परत बघू."

त्याचा जीव भांड्यात पडला. सिस्टर हसत काकूंपाशी आली. "आजी, उठा आता. घंटी आहे, मी आहे. चहा तरी घ्या."

काकू हलल्या नाहीत. डोळे पडद्यावर तसेच, तारवटलेले, पाणी गळतंय तरी उघडे.

"आजी?"

सिस्टरला कळेना. त्याला कळलं. त्यानं एक हात हळूच सोडवला, पुढे वाकला आणि सासूबाईंच्या खांद्यावर ठेवला.

"काटा माझा, आई."

तेव्हा कुठे त्यांनी पापण्या मिटल्या. पदरानं डोळे पुसले, गुडघ्यांवर हात देऊन उठल्या, कण्हत कंबर सरळ केली. दारापर्यंत गेल्या आणि सवयीनं वळल्या.

"सिस्टर, त्यांना सांगा..." म्हणाल्या आणि थांबल्या. मग थेट त्याच्याकडे बघितलं. "तिची मान नीट धर. मी वर जाते. लेक विचारेल, तिला सांगते, बाळ बापाकडे आहे."