आतल्या टाचेचा खिळा

अकरा वर्षं तिने या फोनची वाट पाहिली होती. वाट पाहिली म्हणजे हातावर हात ठेवून बसली नव्हती. बापाचाच धंदा ती शिकली आणि त्यात अशी तयार झाली, की खिळा ठोकायला खुरात जागाच उरली नाही अशा घोड्यांना बिननालेचं पळायला लावणारी बाई म्हणून लोक तिला लांबून लांबून बोलावू लागले. आधी तबेल्याच्या मुकादमाचा फोन आला. ती म्हणाली, "साहेबांना तोंड आहे ना? मग त्यांनाच बोलू दे." तासाभराने ट्रेनरसाहेब स्वतः बोलले. आवाज तोच, साखरेत घोळलेला. तो ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती शांतपणे म्हणाली, "येते उद्या सकाळी."

तिचे वडील या साहेबांच्या तबेल्यात बावीस वर्षं नालबंद होते. एका शर्यतीच्या सकाळी एका करड्या घोड्याच्या पुढच्या पायाची नाल सैल झाली. वडील तेव्हा मैदानाच्या पलीकडच्या तबेल्यात कामात होते. परवानाधारक नालबंदाशिवाय कुणी खिळ्याला हात लावायचा नाही हा नियम, पण साहेबांना कुठला धीर. त्यांनी स्वतःच हातोडी उचलली आणि आतल्या टाचेला, जिथे खुराची भिंत सगळ्यात पातळ असते नेमका तिथे, एक खिळा ठोकला. तो कोवळ्या मांसात गेला. घोडा अर्ध्या शर्यतीत कोसळला आणि त्याला मारावं लागलं. साहेबांनी सगळ्यांसमोर वडिलांकडे बोट दाखवलं. वर म्हणाले, म्हातारा प्यायला होता. ज्या माणसाने जन्मात दारूचा वाससुद्धा घेतला नाही, त्याला हे ऐकावं लागलं. वडील कळवळून सांगत राहिले की मी आतल्या टाचेला कधीच खिळा मारत नाही, आणि मला ठाऊक असतं तर कुणाला मारूही दिला नसता. पण नालबंदाचं कोण ऐकतो? परवाना गेला. पुढे तबेल्यातल्या एका मोतद्दाराने घरी येऊन खरं काय ते सांगितलं, पण साक्ष द्यायचं म्हटल्यावर त्याची पाचावर धारण बसली. तेव्हापासून वडील घरी बसून हातोड्यांचे दांडे तासत होते आणि ती मनातल्या मनात साहेबांना रोज उभं आडवं सोलत होती.

दुसऱ्या दिवशी तबेल्यात तिला घोडी दाखवली. कागदावर तिचं नाव हातभर लांब होतं, तबेल्यात सगळे तिला लाडी म्हणत. तांबूस, चपळ, डोळ्यांत खोडकरपणा. तीन महिन्यांनी मोठी शर्यत होती आणि घोडी पाऊल आखडून टाकत होती.

"दोन नालबंद बदलले," साहेब म्हणाले. "एकापेक्षा एक बेअक्कल. हल्ली हाताला कसबच राहिलं नाही कुणाच्या."

तिने लाडीचा पुढचा उजवा पाय उचलून मांड्यांत धरला, खूर घासला आणि तिचा हात थबकला. खूर महिन्याला बोटाच्या नखाएवढा वाढतो, त्यामुळे जुन्या खिळ्यांची भोकं खाली खाली सरकत जातात. कोणत्या महिन्यात कुणी कसं काम केलं, हे जाणकाराला खुरावर दिसतं. बाहेरच्या बाजूला दोन महिन्यांची भोकं दोन निरनिराळ्या हातांची होती. पण आतल्या टाचेला एकाखाली एक अशी आणखी दोन भोकं होती, दोन्ही एकाच हाताची, मागे कललेली. म्हणजे या गृहस्थाने सवय सोडलीच नव्हती. शर्यतीच्या सकाळी अजून स्वतःच हातोडी चालवत होता आणि घोडी दुखावली की नालबंदाला हाकलत होता.

तिला आनंद झाला. लपवण्यासारखं काय आहे त्यात, अगदी पोटातून आनंद झाला. पण दोन भोकांनी काय होणार? साहेब म्हणतील, दोन्ही गाढवांनी एकच चूक केली, आणि लोक माना डोलावतील. खरं तर त्याच क्षणी चारही पायांची नाल काढून घोडीला बिननालेचं ठेवायला हवं होतं. तिला ते कळत होतं. तिने पाय खाली ठेवला.

"एवढ्यात नाल काढायची घाई नको," ती म्हणाली. "पंधरा दिवसांनी छोटी शर्यत आहे ना, ती होऊ दे. तोवर चांगला नालबंद देते मी तुम्हाला. मग बघू."

तिने पाठवलेला नालबंद डावखुरा होता. डावखुऱ्याने बसवलेल्या खिळ्यांची टोकं पुढे झुकतात, उजव्या हाताची मागे. साहेबांना तो डावखुरा आहे हे दिसत होतं, डोळे काही फुटले नव्हते. पण नालबंदाच्या हाताकडे त्यांनी आयुष्यात कधी नीट पाहिलं होतं?

छोट्या शर्यतीच्या संध्याकाळी फोन आला. घोडी लंगडते आहे, नालबंदाला काढून टाकलं, तू पाठवलेला माणूसही तसलाच निघाला, आता तू म्हणशील ते. ती म्हणाली, "आता बिननालेचीच पळवू या. पण परवानगी लागेल. समितीसमोर नाल काढावी लागेल."

तिथली पद्धत अशी, की घोडं बिननालेचं उतरवायचं तर मैदानाच्या तिघाजणांच्या समितीपुढे नाल काढायची, आणि काढताना नालबंदाने खूर वाचून दाखवायचा. समितीला सगळ्यांच्या वेळा जुळवायला नऊ दिवस लागले. तोवर नालेला हात लावायचा नाही असा नियम. साहेबांनी रोज फोन करून विचारलं आणि तिने रोज सांगितलं, नियम म्हणजे नियम.

दहाव्या दिवशी सकाळी अंगणात समिती खुर्च्या टाकून बसली. अध्यक्षबाई जनावरांच्या निवृत्त डॉक्टर, करड्या आवाजाच्या. बाकीचे दोघे होला हो करणारे. तबेल्यातली सगळी माणसं कामं टाकून भोवती जमली होती. काढलेले तिन्ही नालबंद कुंपणाशी उभे होते. त्यांना तिनेच निरोप दिला होता.

तिने खूर वर घेतला. "बाई, आधी साहेबांना विचारा, आतल्या टाचेला खिळे कुणी मारले."

"या तिघांनी," साहेब म्हणाले. एक क्षणही थांबले नाहीत. "प्रत्येकाला मी बजावलं होतं. म्हणून तर हाकललं."

"तिघांनी? नक्की?"

"माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

तिने मान हलवली. खरं तर तिला हसू फुटत होतं. मासा गळ गिळून वर ढेकर देत होता.

"बाई, जवळ या. ही बाहेरची भोकं बघा. वरच्यांत अजून दहा दिवसांपूर्वीचे खिळे आहेत, या डावखुऱ्याचे. टोकं पुढे झुकली आहेत. आता आतल्या टाचेचा त्याच दिवसाचा खिळा बघा. अजून आत आहे. टोक कुठे झुकलंय?"

अध्यक्षबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि खाली वाकल्या. "मागे."

"डावखुऱ्याने एका नालेचे सहा खिळे डाव्या हाताने मारले आणि सातवा उजव्या हाताने, असं कसं होईल? आणि खालची दोन भोकं बघा. तोच कल, तीच जागा. नालबंद तीन बदलले. आतल्या टाचेचा हात एकच."

मग डावखुरा कुंपणापासून दोन पावलं पुढे आला. "मी सहा मारून गेलो होतो, बाई. सातवा माझा नाही. मुकादमाला विचारा, शर्यतीच्या सकाळी हातोडी कुणी मागितली."

मुकादम खाली बघत होता. अध्यक्षबाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो म्हणाला, "साहेबांनी."

साहेबांचा चेहरा उतरला. ते तिच्याकडे वळले, आवाजातली साखर पार आटली होती. "कोण गं तू?"

"करड्या घोड्याच्या नालबंदाची मुलगी," ती म्हणाली. "तो प्यायला होता ना त्या दिवशी? आज कोण प्यायलं होतं?"

किती वर्षं तिने हे वाक्य घोटून ठेवलं होतं. म्हटल्यावर छातीवरचं ओझं उतरलं आणि तिला तिथेच बसून घ्यावंसं वाटलं. साहेब काहीतरी बोलू लागले, पण अध्यक्षबाईंनी हात वर केला. दुपारपर्यंत त्यांचा परवाना काढून घेतला होता. घोडी मालकाने दुसऱ्या तबेल्यात हलवली. तो जुना मोतद्दारही आता साक्षीला उभा राहिला आणि वडिलांचा परवाना काढून घेणारा अकरा वर्षांपूर्वीचा निकालही रद्द झाला. वडिलांच्या नावाचं पत्र अध्यक्षबाईंनी स्वतःच्या हाताने तिला दिलं. साहेब फाटकातून बाहेर पडले तेव्हा तिन्ही नालबंद वाटेवर उभे होते. एकानेही बाजूला सरून त्यांना वाट दिली नाही. त्यांना कडेच्या चिखलातून जावं लागलं, आणि ते बघायला ती मुद्दाम थांबली.

घरी वडील ओसरीवर दांडा तासत होते. तिने पत्र त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि सगळं सांगितलं, चिखलासकट. वडिलांनी पत्र दोनदा वाचलं. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग तो हात थांबला.

"पहिल्या दिवशी तुला दोन भोकं दिसली होती?"

"हो, बाबा."

"तो पुन्हा मारेल हे कळलं होतं?"

"म्हणून तर डावखुरा पाठवला. तिसऱ्या खिळ्याशिवाय पुरावा कुठे होता?"

"घोडी किती दिवस लंगडली?"

"नऊ," ती म्हणाली. "आता बरी होईल. नाल काढली आहे. मी स्वतः बघणार आहे तिच्याकडे."

वडिलांनी पत्राची घडी घातली आणि ते तिच्या हातात परत दिलं.

"अकरा वर्षं मी लोकांना एकच गोष्ट सांगत होतो, पोरी," ते म्हणाले. "की मला ठाऊक असतं तर मी घोड्याच्या पायात तो खिळा जाऊ दिला नसता."

आणि ते उठून आत गेले.