फक्कीवरची झाडं

मलंगगडाच्या उतारावरच्या वरकस, हलक्या जमिनीत शालनने झाडं का लावली, हे विचारायला क्षिप्रा नावाची कॉलेजची मुलगी कल्याणहून आली होती. डोंगरावरचे शेतकरी नाचणी-वरीत झाडं का लावू लागले, यावर तिचा अभ्यास चालला होता. शालनने तिला हवं ते सगळं सांगितलं. माती धुपत नाही, पाला मिळतो, आंबे होतात. यातलं काही खोटं नव्हतं. फक्त खरं कारण त्यात नव्हतं.

"पण आजी, झाडं रांगेत का नाहीत? अशी आडवीतिडवी?"

"हात वाकडा हाय माझा."

हात कसला वाकडा! नवरा गेल्यावर पोटच्या पोरावर संशय कसा घ्यायचा, म्हणून तिने जमीन ऋतुराजच्या एकट्याच्या नावावर होऊ दिली. पुढच्याच उन्हाळ्यात तो ठाण्यातल्या आपल्या बाळकुमच्या फ्लॅटमधून दोन माणसं घेऊन आला. त्यांनी मोकळ्या रानात चुन्याची फक्की मारली. इथे रस्ता, इथे प्लॉट. फक्की पावसात वाहून जायच्या आत शालनने बरोब्बर त्या रेघांवर खड्डे खणले आणि आंबा, फणस, ऐन लावले. मध्ये नाचणी पेरली. झाड तोडायला परवानगी लागते, एवढं तिला ठाऊक होतं. मग कित्येक उन्हाळे तिने डोक्यावरून पाणी वाहिलं, गुरं हाकलली, वणवे विझवले. पोराला जे तोंडाने सांगायची हिंमत झाली नाही, ते तिने झाडांकडून सांगवलं.

क्षिप्रा निघणार तोच ऋतुराजची गाडी आली. स्वारी खुशीत होती.

"आई, मानलं तुला! पार्टी झाडं बघूनच फिदा झाली. उघड्या माळाला कुत्रं विचारत नव्हतं, आता रेडी आमराई! रस्ता झाडांमधून वळवून घेणार. नाव पण तुझंच दिलंय, शालन आमराई. काल सही करून आलो."

शालनला संताप अनावर झाला. तिने कुडाला अडकवलेला कोयता ओढला आणि पहिल्याच आंब्याच्या बुंध्यावर घाव घातला.

ऋतुराजने धावत येऊन तिचा हात धरला.

"अगं, वेडी झालीस का? झाड तोडायला परवानगी लागते!"