जिभेनं दाबून धरा

चाखणीसांची डावी दाढ रविवारी दुपारी ठणकायला लागली, तेव्हा त्यांच्या बायकोला आधी हसूच आलं. ते तिनं तोंड फिरवून गिळलं आणि गॅसवर पाणी तापत ठेवलं.

चाखणीस हे काही त्यांचं आडनाव नव्हे. चहाच्या कंपनीत ते तीस वर्षं चहा चाखत होते, म्हणून ऑफिसातल्या कुणी गमतीनं ते नाव ठेवलं आणि यांनी ते मानाचं समजून मिरवलं. ओळीनं मांडलेल्या कपांतून चमचाभर चहा सुर्रकन ओढायचा, तोंडात घोळवायचा, पिकदाणीत थुंकायचा आणि कुठला माल कुठल्या पेटीत जायचा ते सांगायचं, एवढंच काम. पण त्या जिभेचे लाड घरानं पुरवायचे. कांदा-लसूण बंद, अत्तर बंद, वासाचा साबण बंद. जेवायला बसले की पहिला घास चावून ते वाटीत थुंकायचे आणि काय बिघडलंय ते सांगायचे. ती वाटी बायको अठ्ठावीस वर्षं घासत आली होती. एकदा तिचे वडील शेजारी जेवत होते, तेव्हाही थुंकले. वडील बिचारे पुन्हा कधी लेकीकडे जेवायला आले नाहीत.

दाढेनं मुहूर्त मात्र बरोबर साधला होता. सोमवारी सकाळी नऊला बाहेरच्या दोन मोठ्या व्यापाऱ्यांसमोर नवा माल चाखायचा होता. साठी गाठलेल्या चाखणीसांना आणखी दोन वर्षं खुर्चीवर ठेवायचं की त्यांच्या हाताखालच्या चष्मेवालीला बसवायचं, हे कंपनी त्यावरूनच ठरवणार होती. या माणसाला ना मित्र, ना छंद, ना कुणाकडे जाणं-येणं. खुर्ची गेली की सगळंच गेलं. आणि दातांचा डॉक्टर सोमवारी अकराच्या आत दार उघडत नाही.

बायकोनं कोमट पाण्यात मीठ घालून दिलं. त्यांनी गुळण्या केल्या, वर पाण्यात मीठ जास्त झालंय हेही सांगितलं. मग रुमालात बर्फ गुंडाळून गालाला लावला, तेवढ्यापुरतं बरं वाटलं. दोन उशा घेऊन पडून पाहिलं. दुखण्याची गोळी घ्यायला ते तयार नव्हते, कारण मागे तापाच्या गोळीनं दोन दिवस तोंड कडू झालं होतं. दिवेलागणीला मात्र त्यांचा धीर सुटला. गाल टम्म फुगला होता आणि ते भिंतीला डोकं टेकून लहान पोरासारखे रडत होते. काहीही कर पण हे थांबव, म्हणाले.

त्यांच्या घरात लवंग कशी असणार? ती शेजारणीकडे गेली. शेजारीण भली बाई. तिनं लवंगेच्या तेलाची बाटली दिली आणि दोनदा बजावलं की थेंबभरच घ्यायचं, चमचाभर खायच्या तेलात मिसळायचं, कापूस पिळून नुसता दाढेवर ठेवायचा. नुसतं तेल जिभेला लागलं तर साल निघते.

बायकोनं सगळं नीट ऐकून घेतलं. घरी येऊन तिनं कापसाचा चांगला बोराएवढा बोळा केला आणि नुसत्या तेलात भिजवला.

चाखणीसांनी विचारलं, "जिभेला काही होणार नाही ना?"

"सकाळपर्यंत काही उरत नाही," ती म्हणाली. "आता हा बोळा जिभेनं दाबून धरा. घट्ट."

त्यांच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या, पण दाढ खरंच गप्प झाली. झोपायच्या आत तिनं तीन बोळे बदलले. एवढ्या मायेनं तिनं त्यांचं कधी काही केलं नव्हतं, आणि तिला त्यात मनापासून सुख वाटत होतं.

सकाळी जीभ पांढरी पडली होती. तोंडात पुठ्ठा ठेवल्यासारखं वाटतंय, असं ते म्हणाले. चहा उकळला की वासावरून निभावून नेऊ, असंही म्हणाले. तिथून परस्पर डॉक्टरांकडे जायचं म्हणून ती बरोबर गेली आणि चाखायच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसली. दाराला काच होती.

कपांच्या ओळीत एक कप मुद्दाम भिजक्या, बुरशी धरलेल्या मालाचा ठेवायचा, ही पद्धत चाखणीसांनीच पाडलेली. नवख्याला तो ओळखता आला नाही, तर सगळ्यांदेखत तो त्याला शेवटच्या घोटापर्यंत प्यायला लावायचे. चष्मेवालीनं पहिल्या वर्षी असे सहा कप रिचवले होते. आज कप तिनं मांडले होते.

चाखणीस ओळीच्या शेवटापर्यंत गेले, पुन्हा पहिल्या कपाशी आले. असं ते कधी करत नसत. अखेर त्यांनी एका कपावर बोट ठेवलं आणि हा सगळ्यात उत्तम, असं व्यापाऱ्यांना सांगितलं. चष्मेवालीनं तो कप उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवला. काचेपलीकडून बायकोला त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं दिसलं. कप त्यांनी उभ्यानं संपवला.

ते बेसिनवर तोंड धूत असताना मॅनेजर बाहेर आले आणि तिला हळूच म्हणाले, की काहीतरी दुखणं दिसतंय, डॉक्टरांची चिठ्ठी आणा, आठवड्यानं पुन्हा संधी देऊ. तीस वर्षं काम केलेल्या माणसाला असं घालवायचं नाही. तिनं मान डोलावली.

डॉक्टरांनी दाढ काढली. चाखणीस आत कापूस चावत बसले होते, तेव्हा डॉक्टरांनी तिला बाहेर सांगितलं, की जीभ वरवर भाजली आहे, आठ दिवसांत चव परत येईल. तसं लिहून द्या, असं ती म्हणाली. दुसऱ्या कुणाच्या हाती पडण्यापेक्षा चिठ्ठी आपल्या पर्समध्ये बरी.

घरी येऊन चाखणीस पलंगावर टेकले. कापसाच्या आडून त्यांनी विचारलं, "जिभेचं काय म्हणाले?"

"जळली म्हणाले. आता चव यायची नाही."

ते आपल्या हातांकडे बघत बसले. तिला त्यांची दया आली, अगदी खरी दया आली. तरी चिठ्ठी तिनं पर्समध्येच राहू दिली. मग त्यांनी फोन मागून घेतला, मॅनेजरला लावला आणि एकेक शब्द सोडवत सांगितलं की आपली जीभ संपली, खुर्ची आजच त्या मुलीला द्या. पलीकडून मॅनेजर काहीतरी विचारत होते. यांनी नाही नाही म्हणत फोन ठेवला.

"बरोबर केलं ना मी?"

"बरोबरच केलंत," ती म्हणाली. "उगाच लोकांना ताटकळत कशाला ठेवायचं?"

त्यांनी तिचा हात धरला आणि तू होतीस म्हणून निभावलं, असं काहीसं पुटपुटले. तिनं हात सोडवला नाही. आठ दिवसांनी जीभ परत आली की त्यांना सगळं कळणारच होतं, आणि तिला तेच हवं होतं.