मी खाते, कुडझू वाढते

माझे पुढचे दात आता झिजून नुसते खुंट उरले आहेत. पान तोडायचे म्हटले तरी मान तिरकी करावी लागते. मित्रांनो, मी अलाबामातली एक म्हातारी, लंगडी शेळी. जन्मभर मी एकच काम केले. कुडझूची वेल खाल्ली. अजूनही खाते आहे आणि खरे सांगायचे तर फार दमले आहे.

कुडझू तुमच्याकडे नसेल तर तुम्ही सुखी आहात. घेवड्याच्या गोतातली ही वेल. एका देठाला तीन रुंद पाने, आणि उन्हाळ्यात तिच्या वाढीला धरबंध नाही. संध्याकाळी कुंपणापलीकडे असलेला शेंडा सकाळी गोठ्याच्या दारात डोकावतो. मी तिच्या शेजारीच झोपत आले, तेव्हा हे ऐकीव नाही.

माझा जन्म थंडी सरता सरता झाला. आम्ही तिळी भावंडे होतो आणि मी सगळ्यात किडकी. आईचे दूध मला पुरेना. तेव्हा आमच्या मालकीण मिस व्हर्लीन टिसडेल यांनी मला घरात आणले, चुलीजवळ पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवले आणि बाटलीने दूध पाजले. त्या उपकाराची फेड म्हणून मी त्यांची चर्चला जायची हॅट खाल्ली. बायबलात जेझेबेल नावाची एक दुष्ट राणी आहे. तिचे नाव मला मिळाले. राग आला की मिस व्हर्लीन ते पुरते उच्चारत. एरवी मी जेझी. त्या मिस, कारण आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही मानाने मिसच म्हणतात.

ही वेल कुणी वाईट हेतूने आणली नव्हती बरे का. मिस व्हर्लीन लहान असताना इथली तांबडी माती पावसाबरोबर वाहून जायची. शेतात माणूस दिसेनासा होईल एवढ्या खोल घळी पडायच्या. सरकारी माणसे रोपे घेऊन आली आणि म्हणाली, ही लावा, माती धरून ठेवील. मिस व्हर्लीनच्या वडिलांनी ती उतारावर लावली. त्यांचा थोरला भाऊ होझेयाही तेव्हा लहान होता, तो एकेक रोप वडिलांच्या हातात देत असे. माती थांबली. लोकांनी चर्चमध्ये देवाचे आभार मानले. पण वेल थांबली नाही. तिने घळी भरल्या, मग कोठार गिळले, मग बंद पडलेला ट्रक, मग विजेचे खांब. नवरा गेल्यावर मिस व्हर्लीन एकट्याच कोयता घेऊन तिच्याशी झगडत राहिल्या. पाठीने दगा दिला तेव्हा त्यांनी आम्हा शेळ्यांचा कळप बाळगला.

माझी उमेदीची वर्षे चांगली गेली. गळ्यात घंटा बांधून मी कळपाच्या पुढे चालत असे. रस्त्याच्या कडा, शाळेमागचा ओढा, लोकांची परसे आम्ही साफ करत फिरलो. मी मागच्या पायांवर उभी राहून उंचावरची पाने ओढू लागले की शाळेतली मुले टाळ्या वाजवत. एकदा वर्तमानपत्रात माझा फोटोसुद्धा आला.

आम्ही खाऊन उरलेली वेल मिस व्हर्लीन घरात नेत. उन्हाळा सरता सरता तिला जांभळे तुरे येतात, द्राक्षासारखा वास येतो. त्याची त्या जेली करत. कोवळी पाने पिठात बुडवून तळत. जाड वेली भिजवून, सोलून टोपल्या विणत. त्यांची शेजारीण टेम्पी मॅक्रे फाटकातूनच हसायची.

"व्हर्लीन, उद्या तू डासांचंही लोणचं घालशील गं!"

"घालीन की. फुकट का चावू द्यायचं त्यांना?"

असे आमचे चालले होते. मग एका वसंतात होझेया परत आला.

चाळीस वर्षे तो उत्तरेला क्लीव्हलंडला लोखंड वितळवणाऱ्या ओतशाळेत कामाला होता. वडिलांशी कडाक्याचे भांडण करून गेला होता आणि आई वारली तेव्हाही आला नव्हता. हे गावात सगळ्यांना ठाऊक होते, पण तोंडावर कुणी बोलले नाही. उंच, वाळलेला, दोन पायऱ्या चढला की खोकणारा माणूस. दुसऱ्याच दिवशी सकाळी अंगणात उभे राहून त्याने विचारले, "ताई, आई कुठेय?"

मिस व्हर्लीन धाकट्या, पण घर त्यांनी सांभाळले म्हणून तो त्यांना ताईच म्हणे. त्यांनी नुसते बोट दाखवले. समोर टेकडी होती, पायापासून माथ्यापर्यंत हिरवी. जुने चर्च तिच्यावर होते. ते जळाल्यावर नवे चर्च हमरस्त्यावर बांधले. दफनभूमी मात्र मागे राहिली आणि तिच्यावर कुडझू चढली. गरिबांच्या कबरी त्या. बहुतेकींवर नाव नव्हते, उशाला रानातला दगड ठेवलेला, एवढेच.

"तू असं होऊ दिलंस?" होझेया म्हणाला.

"मी होऊ दिलं? तू कुठे होतास रे इतकी वर्षं? एवढ्या टेकडीला माझे दोन हात पुरतात होय?"

दुसऱ्याच आठवड्यात होझेयाने बोलावलेला एक माणूस बुलडोझर घेऊन हजर झाला. मिस व्हर्लीननी स्वयंपाकघरातली खुर्ची उचलली, वाटेच्या मधोमध ठेवली आणि तिच्यावर बसल्या.

"आधी मला उचल, मग ते धूड वर ने," त्या चालकाला म्हणाल्या. "वर माणसं निजलीत. तुझ्या यंत्राला कळतं, कुठे कोण आहे ते?"

चालकाने टोपी काढली. "मॅडम, मला कुणी सांगितलं नाही हो हे," असे म्हणून त्याने यंत्र मागे फिरवले.

"मग औषध फवारतो," होझेया चिडून म्हणाला.

"आईच्या अंगावर?"

"मग करू काय मी?"

"शेळ्या सोडू."

"शेळ्या!" त्याने माझ्याकडे पाहिले. "ही? ही तर माझ्या बुटाची नाडी खातेय!"

मी खरोखरच खात होते.

त्या उन्हाळ्यात आम्ही टेकडीला लागलो. आम्ही पाने खायचो, मागून होझेया करवतीने वेली कापायचा, थांबून खोकायचा, पुन्हा कापायचा. मिस व्हर्लीन वेलींची भेंडोळी करून खाली न्यायच्या. आम्ही वर सरकेपर्यंत खाली पुन्हा कोंब फुटलेले असायचे. मग पुन्हा खालून सुरुवात. मित्रांनो, भूक असते तोवर खाण्यात सुख आहे. त्यापुढे ते नुसते काम होते. हिवाळ्यात पाने गळाली तेव्हा टेकडीवर करड्या दोरखंडांची जाळी उरली. दगड पुष्कळ दिसले, पण त्यातला आईचा कोणता हे मिस व्हर्लीननाही सांगता येईना. खूण म्हणून असलेला देवदार कधीच मरून वेलीखाली गेला होता.

दुसऱ्या उन्हाळ्यात, एका तापल्या दुपारी, मी एका हिरव्या उंचवट्याला तोंड लावले आणि माझा पुढचा पाय जमिनीत गेला. थेट खांद्यापर्यंत. आतून कटकन आवाज आला. मी अशी ओरडले की बाकीच्या शेळ्या उधळल्या.

होझेया धावत आला. धाप लागलेली असताना तो पोटावर आडवा झाला, एका हाताने माझे ओझे पेलले आणि दुसऱ्याने भोवतीच्या वेली उपटू लागला. खचलेल्या कबरीत पडले होते मी. वेलींबरोबर त्याच्या हाताला काहीबाही लागू लागले. शिंपले. फुटकी बशी. मग निळ्या काचेचा एक जग, कान तुटलेला. आमच्याकडे मेलेल्या माणसाच्या नेहमीच्या वस्तू कबरीवर ठेवतात.

मिस व्हर्लीन चढ चढून आल्या आणि जग पाहताच खाली बसल्या.

"ताकाचा जग," त्या म्हणाल्या. "मीच ठेवला होता. होझेया, हीच आई."

होझेयाने मला ओढून मांडीवर घेतले होते. मला खाली ठेवायचे त्याला सुचलेच नाही. "आई," तो म्हणाला, "मी होझेया. उशीर झाला गं मला." माझा पाय असह्य दुखत होता, तरी मी हलले नाही. त्याचे सगळे अंग थरथरत होते, ते माझ्या अंगाला कळत होते.

माझा पाय जुळला, पण वाकडा. चढ मला बंद झाला. कळपाची घंटा दुसरीच्या गळ्यात गेली. पानगळीच्या दिवसांत म्हातारी जनावरे विकत घेणारा माणूस आला आणि मिस व्हर्लीननी आम्हा तिघींना बाहेर काढले. ज्यांनी मला बाटलीने पाजले त्यांनीच माझ्या गळ्यात दोरी घातली.

"वय झालं हिचं, पायही गेला," त्या म्हणत होत्या, पण माझ्याकडे बघत नव्हत्या. "हिवाळ्यात काय घालू हिला?"

"तिची दोरी काढ," ओसरीवरून होझेया म्हणाला.

"अरे, ती काय आपली नातलग आहे?"

"नाही. पण आईला शोधायला निघालो होतो मी, आणि पाय मोडला हिचा."

मिस व्हर्लीननी माझी गाठ सोडली. उरलेल्या दोघी गाडीत चढल्या. त्याही माझ्याइतक्याच राबल्या होत्या. त्यांच्या वतीने कुणी बोलले नाही. गाडी वळेपर्यंत त्या माझ्याकडे बघत होत्या, ते मी विसरलेले नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात होझेयाची छाती पुरती हरली. त्याला आईच्या शेजारी ठेवले. वसंत आला आणि त्याच्या कबरीच्या ताज्या मातीवर कुडझूचे लुसलुशीत शेंडे सरकू लागले. मिस व्हर्लीनचे गुडघे तोवर गेले होते. त्या अंगणात बसून टेकडीकडे बघत राहायच्या, मी त्यांच्या पायाशी पडून असायचे. आम्हा दोघींनाही वर जाता येत नव्हते आणि वेल तर आमच्यासाठी थांबणारी नव्हती.

मग त्यांनी एक केले. चर्चमधल्या बायका कधीच्या मागे लागल्या होत्या, टोपल्या विणायला शिकव म्हणून. एका रविवारी त्यांनी सगळ्यांना अंगणात बोलावले.

"शिकवते. पण वेल जिची तिनं आणायची. वरून, जुन्या दफनभूमीतून."

"अगं बाई, रस्त्याला एवढी माजलीय की!" टेम्पी म्हणाली.

"रस्त्याची वेल चिवट नसते."

"खरंच?"

"नाही. पण आणायची वरूनच."

टेम्पीने मिस व्हर्लीनकडे पाहिले, मग टेकडीकडे पाहिले, आणि एप्रनला हात पुसून ती कोयता शोधायला निघाली.

तेव्हापासून त्या बायका येतात. जेलीसाठी तुरे खुडायला येतात, थंडीत वेली कापायला येतात. जाताना कळपातल्या नव्या शेळ्यांना वर हाकलत नेतात. कुडझू काही हरली नाही. दर वसंतात ती परत येते आणि आम्हा सगळ्यांच्या मागे ती उरणार हे मला माहीत आहे. पण तिची कुणाला तरी गरज लागली, म्हणून टेकडीवर माणसांचे पाय पडू लागले.

मित्रांनो, शहाणपण सांगायचा मला अधिकार नाही, मी साधी शेळी. तरी एवढे ऐका. जमिनीत काही लावाल तेव्हा पुढे ते आवरणार कोण, हेही त्याच दिवशी ठरवा. ज्यांना मातीत ठेवून आलात त्यांच्याकडे अधूनमधून जात जा. आणि तुमच्यासाठी राबून थकलेल्या जिवाच्या गळ्यात दोरी घालण्याआधी एकदा त्याच्या डोळ्यांत बघा.

आता वरून टेम्पीचा आवाज येतो आहे. "अगं, इथे अजून एक दगड आहे! कुणाचा गं हा?" करवती थांबल्या आहेत. एक म्हणते माझ्या आजीचा, दुसरी म्हणते छे, माझ्या काकाचा, आणि खाली खुर्चीत बसलेल्या मिस व्हर्लीन दोन्ही हात तोंडाभोवती धरून ओरडतात, "भांडू नका! आधी त्याच्यावरची वेल काढा!"