दोरी कापणारीची चाल

रौशनचा नवा गुडघा आठ महिन्यांचा होता आणि नात झिबेक अकरा महिन्यांची. दोघी एकाच वसंतात चालायला लागल्या, असं रौशन अख्ख्या अल्माटीला सांगत सुटली होती.

येत्या रविवारी झिबेकच्या पायांतली दोरी कापायची होती. मूल पहिली पावलं टाकू लागलं की त्याच्या घोट्यांना काळी-पांढरी दोरी बांधतात आणि एखादी चपळ बाई ती सुरीने कापते. कापणारीची चाल मुलाच्या पायांत उतरते, त्यामुळे बाई निवडताना लोक सोयरीक जुळवताना पाहत नाहीत एवढं पाहतात. रौशनने तीस वर्षं शहरभर टपाल वाटलं होतं, पायाला भिंगरी लावल्यासारखं. गल्लीतल्या चौदा पोरांच्या दोऱ्या तिनेच कापल्या होत्या. पंधरावी आपल्याच नातीची, हे ती धरूनच चालली होती.

गुरुवारी स्वयंपाकघरात बटाटे सोलताना तिच्या कानावर सुनेचा आवाज आला. मक्पाल फोनवर तिच्या आईशी बोलत होती. सासूला ती आपा म्हणायची.

"आई, तूच काप. आपांचा डावा पाय अजून ओढतो गं. पोरीने तीच चाल उचलली तर?"

रौशनला राग आला, आणि त्याहून जास्त रडू आलं. सून वाईट नव्हती, खरं तेच बोलत होती, म्हणून तर ते जास्त झोंबलं. तिने सगळे बटाटे सोलून संपवले, नको होते तेसुद्धा. मग हात पुसले आणि विहिणीला फोन लावला.

"विहीणबाई, शनिवारी डोंगरावरची गोल वाट चालू या. जी आधी खाली परत येईल, तिने दोरी कापायची. बोला!"

विहीण कुल्याश शाळेत व्यायाम शिकवायची. निवृत्त झाली तरी शिट्टी तेवढी गळ्यातून निघाली होती, बाकी रुबाब तोच. मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. ती हसली. "अहो, तुमचा गुडघा नवा आहे ना?"

"म्हणूनच म्हणते. तुमचे दोन्ही जुने आहेत."

शनिवारी सकाळी सगळे बसच्या शेवटच्या थांब्यावर उतरले. जर्दाळूच्या म्हाताऱ्या झाडापाशी वाट दुभंगते. एक फाटा ओढ्याकडून चढतो, दुसरा रानसफरचंदांतून, आणि वर खिंडीत दोन्ही एक होतात. रौशनने ओढा घेतला, कुल्याशने सफरचंदं; उतरायचं एकमेकींच्या वाटेने. रौशनचा मुलगा दौलेत आणि मक्पाल पोरीला घेऊन झाडाखाली सतरंजी पसरून बसले. त्यांना वाटलं, दोघी आया हवा खायला आल्यात. एकीला पाणी आवडतं, दुसरीला सावली, यापलीकडे त्यांनी डोकं चालवलं नाही.

रौशनचा हिशोब सोपा होता. खिंडीच्या अलीकडे कुल्याश समोरून आली तर आपण हरलो. खिंड ओलांडेपर्यंत दिसली नाही तर आपण पुढे. तिने तोंडात कुर्तचा, म्हणजे वाळवलेल्या दह्याचा, खारट गोळा टाकला आणि टपालाच्या जुन्या सवयीने दरवाजे मोजायला लागली. दरवाजे नव्हते, म्हणून देवदार मोजले. ऐंशीव्या देवदाराशी गुडघा कुरकुरला. "गप बस," तिने त्याला दटावलं, "तुझ्यासाठी एवढी शस्त्रक्रिया केली ती काय सोफ्यावर बसायला?"

खिंडीत पोचली तेव्हा तिथे वारा होता, मागे बर्फाची शिखरं होती, खाली धुरकट शहर होतं आणि कुल्याश नव्हती. रौशनने दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली. इतका आनंद तिला निवृत्तीच्या दिवशीसुद्धा झाला नव्हता.

पलीकडे उतरताना दुसऱ्याच वळणावर कुल्याश भेटली. सफरचंदाच्या बुंध्याशी बसलेली, एक बूट काढलेला, घोटा तळलेल्या पिठाच्या बाउरसाकसारखा टम्म फुगलेला.

"घड्याळात बघत होते," ती ओशाळून म्हणाली. "दगड बघायचा राहिला. जा विहीणबाई, जिंकलात. खाली जाऊन दौलेतला वर पाठवा."

आणि रौशन गेली. खोटं कशाला बोला? वीस-पंचवीस पावलं गेली. सुरी जणू हातात आलीच होती. तेवढ्यात मागे धप्पकन आवाज झाला. कुल्याश एकटीच उठायला गेली होती.

"काही नाही, काही नाही!" ती ओरडली, पण आवाज रडवेला होता.

रौशन मागे फिरली. डोक्याचा रुमाल सोडून तिने घोटा करकचून बांधला. "टाक हात खांद्यावर. ऊठ गं!" तीन वर्षांच्या सोयरिकीत पहिल्यांदाच विहिणीला तिने एकेरी हाक मारली.

एकीचा डावा पाय ओढत होता, दुसरीचा उजवा टेकत नव्हता. "दोघींत मिळून एक बाई धड आहे," कुल्याश म्हणाली, आणि दोघी इतक्या हसल्या की खाली बसावं लागलं. तिथेच रौशनने फोनवरचं ऐकलेलं सांगून टाकलं.

कुल्याशने घोट्यावरचा रुमाल सारखा केला. "मी हो म्हटलं होतं," ती म्हणाली. "मलाही तसंच वाटलं होतं."

"आणि आता?"

"आता बोलायला लावू नकोस. दम लागलाय."

उतरायला दोन तास लागले. झाडाशी दोघी एकदमच पोचल्या, कारण वेगवेगळं पोचणं शक्यच नव्हतं.

रविवारी घर पाहुण्यांनी भरलं. कुल्याश खुर्चीत, पाय स्टुलावर. मक्पालने सुरी उचलली आणि मान खाली घालून सरळ रौशनसमोर आली. आईने तिला रात्री काय सुनावलं होतं कोण जाणे. डोळे मात्र लाल होते.

"आपा, तुम्ही कापा."

"आणि चाल लागली तर माझी?"

"लागू दे."

रौशनने दोरी कापली. मक्पालने झिबेकचे हात सोडले. पोरगी उभी राहिली, एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. डावा पाय जरासा मागे ओढला. एका मावशीने 'च्च' केलं.

कुल्याशने खुर्चीच्या हातावर थाप मारली. "चालू दे तिला! त्याच चालीने मला डोंगरावरून खाली आणलंय!"

घर हसण्याने दणाणलं. आणि त्या गलक्यात झिबेक तशीच झोकांड्या खात बाउरसाकच्या ताटापाशी पोचली, सगळ्या पाहुण्यांच्या आधी.