मधली पायवाट

शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास माझ्या आणि माझ्या नवऱ्याच्या मधून एक सार्वजनिक पायवाट जाऊ लागली.

आम्ही इंग्लंडमधल्या एका डोंगराळ भागात दोन दिवस चालायला आलो होतो. ही सहल म्हणजे आमच्या लेकीने, रेवतीने, दिलेली भेट. ती बर्मिंगहॅमला असते. थंडीत शेताशेतांतून चालायचं, भूक लागली की पबमध्ये शेकोटीजवळ बसून गरम काहीतरी खायचं आणि पुन्हा चालायचं, असा इथल्या लोकांचा शनिवार-रविवार जातो म्हणे. आमचे हे, विद्याधर, सांगलीच्या एसटी डेपोत वेळापत्रकं बसवायचे. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. हातात नकाशा आला की त्यांना दुसरं कोणी लागत नाही. ते पुढे आणि मी तीन-चार हात मागे, असंच आम्ही नेहमी चालतो.

गोठलेल्या गवतावरून तसेच चाललो असताना त्या तीन-चार हातांत ती पायवाट उमटली. डावीकडच्या कुंपणातून आली, आमच्या मधून गेली आणि उजवीकडे मेंढरांत शिरली. लगेच तिच्यावरून एक उंच म्हातारा कुत्रा घेऊन आला. त्याने मला गुड मॉर्निंग म्हटलं, ह्यांना गुड मॉर्निंग म्हटलं आणि निघून गेला. त्याच्यामागून सहा बायका काठ्या टेकत आल्या. त्यांनीही दोन्हीकडे गुड मॉर्निंग केलं.

मी पायवाट ओलांडली. ओलांडून बघते तर ती पुन्हा माझ्या पुढ्यातच. मग ह्यांनी मागे येऊन पाहिलं, तेव्हाही तेच. त्यांनी नकाशा उघडला. पायवाट त्यात हिरव्या तुटक रेघेने छापलेली होती. रेघेच्या एका बाजूला बारीक अक्षरांत ह्यांचं नाव होतं आणि दुसऱ्या बाजूला 'पत्नी' असं होतं.

"नकाशात आहे म्हणजे बरोबर आहे," हे म्हणाले आणि चालू लागले.

दुपारी आम्ही 'आंधळा ससा' नावाच्या पबमध्ये शिरलो. छत इतकं खाली की ह्यांना मान वाकवून बसावं लागलं. शेकोटीत अख्खा ओंडका जळत होता. आम्ही शाकाहारी आहोत हे कळल्यावर मालकीणबाई मिसेस प्रीस यांनी आमच्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि बटाट्याचं सूप आणलं. आम्ही समोरासमोर बसलो होतो, त्यामुळे पायवाट टेबलावरूनच गेली. चार माणसं आणि एक मेंढी माझ्या सुपाला वळसा घालून गेली. शेवटच्या माणसाने टोपी काढून वासाची तारीफ केली. मिसेस प्रीस फडकं घेऊन आल्या आणि चिखल पुसू लागल्या. त्यांना काही नवल वाटलं नाही. मागच्या हिवाळ्यात एक डेंटिस्ट जोडपं आलं होतं, त्यांच्या मधून घोड्यांची वाट गेली होती, असं त्यांनी सांगितलं. आमचं नशीब चांगलं म्हणायचं.

मुक्काम तिथेच वरच्या खोलीत होता. रविवारी सकाळी उठले तेव्हा रजईवर बुटांचे ठसे होते आणि पायवाट हातभर रुंद झाली होती. न्याहारी आटपून बाहेर पडलो तोवर तिच्या दोन्ही बाजूंना काटेरी कुंपणं फुटू लागली. मैलभर चालल्यावर ती खांद्यापर्यंत वाढली. ह्यांची फक्त टोपी दिसत होती. वाऱ्यामुळे त्यांचं बोलणं ऐकू येईना, तेव्हा येणारेजाणारे निरोप पोचवू लागले. एक लाल जाकीटवाली बाई थांबली आणि कुंपणावरून वाकून म्हणाली, की पलीकडचे गृहस्थ विचारतायत, रक्तदाबाची गोळी घेतलीत का.

मी घेतली नव्हती. घेतल्याचं सांगायला सांगितलं. ती बाई दोन मिनिटांत परत आली.

"ते म्हणतात, घेतलेली नाही. तुमच्या चालण्यावरून कळतंय."

ते पुढे चालत होते आणि त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं. मी गोळी घेतली.

दुसऱ्या पबच्या अंगणात मिस्टर एल्फिक आमची वाट बघत बसले होते. ते पायवाटांच्या खात्याचे अधिकारी. हातात फॉर्म, नाक थंडीने लाल. त्यांनी फीत काढून आमच्यातलं अंतर मोजलं आणि हे अंतर किती वर्षांचं आहे असं विचारलं.

"एकतीस," मी म्हटलं. लग्नाला तेवढीच झाली होती.

"तीस," कुंपणापलीकडून ह्यांचा आवाज आला. "पहिल्या वर्षी नव्हतं. हरिपूरला संगमावर गेलो तेव्हा चिंचेच्या झाडांखालून आम्ही बरोबरीने चाललो होतो. तिच्या डाव्या पायातली चप्पल तुटली होती, म्हणून मी सावकाश चालत होतो."

चप्पल उजव्या पायातली होती. मिस्टर एल्फिक डावा लिहीत होते, मी तो तसाच राहू दिला.

त्यांनी समजावून सांगितलं, की वीस वर्षं वापरात असलेली वाट कायद्याने बंद करता येत नाही. आज चार वाजता तिची नोंद कायम होईल. मग आम्ही दोघं जिथे जाऊ तिथे ती येईल. सांगलीलाही येईल का, असं मी विचारलं. हो म्हणाले. विश्रामबागच्या आमच्या स्वयंपाकघरातून त्या सहा बायका काठ्या टेकत चालल्यात आणि कुकरच्या शिट्टीला गुड मॉर्निंग म्हणतायत, असं माझ्या डोळ्यांपुढे आलं. मग वाटलं, त्यांना चहा तरी विचारता येईल. पण ह्यांना कुठून विचारू?

वाट बंद करता येत नसली तरी तिच्यावर फाटक बसवता येतं, असं मिस्टर एल्फिक म्हणाले. एक प्रकार चढून जायचा. माझ्या गुडघ्यांकडे बघून त्यांनी तो स्वतःच खोडला. दुसऱ्याचं नाव त्यांनी डॉक्टर वाईट रिपोर्ट वाचतात तसं भरभर वाचलं.

"किसिंग गेट."

आम्ही अंगणातच आपापल्या बाजूला उभं राहून सफरचंदाचं गरम पुडिंग खाल्लं. तोवर दोन माणसांनी कुंपण कापून फाटक उभं केलं. अर्धगोल कठडा आणि त्यात झुलणारं लाकडी दार, एका वेळी एकच माणूस मावेल एवढं. मिस्टर एल्फिक बुटांकडे बघत म्हणाले, की आधी आत गेलेल्याने दार धरून ठेवायचं आणि मागच्याकडून जे काय मिळायचं ते मिळाल्याशिवाय सोडायचं नाही, अशी रीत आहे. कायदा नाही. पण रीत पाळली नाही तर दार अडकतं.

चारला दहा मिनिटं कमी होती. हे पलीकडून आत आले आणि दार दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. एकतीस वर्षांत आम्ही एकमेकांना नावानेसुद्धा हाक मारलेली नाही. माझ्यामागे रांग लागली होती. लाल जाकीटवाली, म्हातारा, सहा बायका, मिसेस प्रीस आणि सगळ्यांची कुत्री. कोणी घाई करत नव्हतं.

"अहो, लोक बघतायत," मी म्हटलं.

"वाट सार्वजनिकच आहे," हे म्हणाले. त्यांनी एका हाताने माकडटोपी काढली. कान लाल झाले होते.

मी एक पाऊल पुढे टाकलं. मागची माणसं एकदम आभाळाकडे बघून पाऊस येईल की बर्फ पडेल याबद्दल बोलू लागली, आणि रांगेतल्या कुत्र्यांनी एकेक करून तोंडं फिरवली.